पोंगळीतलं पाखरू

मोहाटोला, ता. पोंभुर्णा
३ ऑगस्ट २०२५

दामिनी,

आशीर्वाद सध्या राखून ठेवला हाये. काम केलंस तर पुढच्या कागदात देईन.

फोन काऊन केला नाई म्हणशील. फोन तुह्या मामाच्या खिशात राह्यते, अन् मले बोलाचं हाये ते तुह्या मामाबद्दलच. त्याच्याच फोनवरून त्याची चुगली कशी करू? म्हून पोंभुर्ण्याहून लिफाफे आणले. मी तिसरीपर्यंत शिकली. अक्षर वाकडं हाये, डोकं सरळ हाये. नीट वाच.

धानाचा रोवणा होऊन वीस दिवस झाले. वावरातल्या खालच्या तीन बांध्या तुले माहीत हायेत, जिथी पाणी तुंबून राह्यते, तू लहानपणी पडून बोंबलली होतीस त्याच. तिथलं धान पांढरं पडलं. दुरून पाहलं तर कोणी चुना शिंपडला वाटते. जवळ जाऊन पाहलं तर पानाचा हिरवा भाग खरवडून खाल्लेला, नुसता पापुद्रा ठेवलेला. अन् पाण्यावर पानाचे तुकडे तरंगून राह्यले, बोटाच्या पेराएवढे, कात्रीनं कापल्यासारखे, गोल गुंडाळलेले. ती पोंगळी. तिच्यात अळी राह्यते. तिचंच मोठेपणी लहानसं पाखरू होते.

मी या घरात लग्न होऊन आली तेव्हापासून हे पाहते. उपाय एकच हाये. दोघांनी दोराची दोन टोकं धरायची, धानाच्या शेंड्यावरून दोर ओढत न्यायचा, पोंगळ्या पाण्यात पडतात. मंग बांधाचं तोंड फोडून पाणी खाली बोडीत, आपल्या लहान तळ्यात, सोडायचं. पोंगळ्या पाण्यासंगं जातात, बोडीतले मासे खातात. बांधी तीन दिवस कोरडी ठेवायची. राह्यलेली अळी तिथंच वाळते. पंधरा-वीस दिवसांत धान पुन्हा हिरवं.

हे तुह्या मामाले सांगितलं. हेमराज म्हणते, "माय, दोराचा जमाना गेला. आता औषध राह्यते."

मी म्हणलं, "औषध टाकशील तर पाणी कुठी जाईल?"

म्हणते, "पाणी कुठी जाते, जाते खाली."

खाली काय हाये? बोडी हाये. बोडीत यंदा चार वर्षांनी मरळीनं पिल्लं सोडली. लाल पिल्लांचा गोळा, कुंकवाचा करंडा सांडल्यासारखा पाण्यावर फिरते, अन् खाली नर-मादी दोघं राखण करतात. बगळा जवळ आला तर उसळी मारून येतात. मोठ्या तलावातली मरळ संपली. मच्छीमार सोसायटीनं आणून सोडलेल्या कटल्या-रोहूनं सारं भरलं. मरळ राह्यली ती माह्या बोडीत. म्हून पोळा होईपर्यंत बोडीत जाळं टाकू देत नाई कोणाले. त्याच्यावरून मासे धरणारा नथ्थू माह्याशी बोलत नाई, त्याची बायको बुधरी तोंड फिरवते. फिरवू दे, मले तिचं तोंड पाहून पोट भरत नाई.

तुहा आजा गेला तेव्हा मी रडली नाई, हे बंद्या गावाले माहीत हाये. मरळीच्या पिल्लांसाठीबी रडणार नाई. पण मारणाराचं हाड मोडीन.

दोराले दुसरं टोक धरणारा पाहिजे. मी एक टोक धरते. हेमराज धरत नाई, कारण त्याची माय अडाणी. तू गडचिरोलीले शेतीचं शिकून राह्यलीस, तुह्या बोलण्याले शिक्का हाये. त्याले सांग. इतकंच काम.

तुही आजी
गिरजा

---

गडचिरोली
८ ऑगस्ट

प्रिय आजी,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र मिळालं. हॉस्टेलमध्ये वाचून सगळ्या हसल्या, आजकाल कोण पत्र लिहितं म्हणून. आशीर्वाद राखून ठेवणारी आजी तर कोणाचीच नाही.

आजी, रागावू नकोस, पण असं घाबरून चालत नाही. किडीचं आधी नाव ठरवावं लागतं, मग उपाय. आम्हाला सरांनी हेच शिकवलंय. मामाने मला फोनवर पाखराचा फोटो पाठवला होता, तुझ्या पत्राच्या आधीच. फोटो साफ आहे. तो खोडकिड्याचा पतंग आहे. मादी गवताच्या काडीसारखी पिवळी, पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. ती पानाच्या टोकाजवळ अंडी घालते आणि त्यावर स्वतःच्या अंगाची लव चिकटवून झाकते. अळी निघाली की खोडात शिरते आणि आतला गाभा खाते. मधला पोंगा वाळतो, ओढला की हातात येतो. पुढे लोंबी आली तरी पांढरी, पोकळ येते. अळी धसकटात लपून राहते आणि पुढच्या हंगामात पुन्हा येते. हे सगळं पुस्तकात आहे.

म्हणजे दोर ओढून काही होणार नाही, कारण अळी खोडाच्या आत आहे. तुझी पद्धत जुनी आहे, वाईट नाही, पण प्रत्येक किडीला एकच उपाय नसतो.

मी कॉलेजनंतर दुपारी इथल्या एका कृषी केंद्रात, खत-औषधाच्या दुकानात बसते, हे तुला मामाने सांगितलंच असेल. तिथे रोज शेतकरी येतात आणि मी त्यांना सांगते. त्यामुळे काळजी करू नकोस. मामाशी मी बोलते. बाकीचं मी पाहते.

मी पोळ्याला आले की मरळीची पिल्लं दाखव.

तुझी
दामिनी

---

मोहाटोला
१२ ऑगस्ट

दामिनी,

तू हसलीस, मैत्रिणी हसल्या, आता माहीबी पाळी येऊ दे.

या कागदाच्या मांग भाताच्या शितानं दोन पाखरं चिकटवली हायेत. जपून उलट. तुटले तर तुह्या नशिबानं.

डावीकडचं पिवळं, काळ्या ठिपक्याचं, तुह्या पुस्तकातलं. ते मले घराच्या भिंतीवर सापडलं, बल्बाखाली. बल्बापाशी धानाचं येते, गवताचं येते, चिंचेवरचं येते, कुठून कुठून येते. हेमराज दिवेलागणीले खाटेवर पडला होता, पडल्या पडल्या भिंतीचा फोटो काढला अन् तुले पाठवला. बांधी दोनशे पावलावर. तितकं चाललं असतं तर पायाचा चिखल धुवा लागला असता ना त्याले! अन् तू भिंतीचं पाखरू पाहून बांधीचं दुखणं सांगितलंस. मधला पोंगा मी दहा ठिकाणी ओढून पाहला. एकबी हातात आला नाई. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू विचारलंच नाई, शिकवलंस.

उजवीकडचं माह्या बांधीतलं. पाह्य नीट. पिवळ्याच्या अर्धं. पांढरं, दुधावर मिरीची पूड उडाल्यासारखे बारके करडे ठिपके. पंख मिटून बसलं तर तांदळाच्या कण्यापेक्षा थोडं मोठं. दिवसा पानाच्या खाली लपून बसते, बांधीत पाय टाकला की दोन हात उडते अन् पुन्हा बसते. त्याच्यात जास्त जीव नाई. चार दिवस जगते.

त्याचा बंदा धंदा मले माहीत हाये, अन् यंदा पुन्हा पाहून राह्यली. लोणच्याच्या बरणीत पाणी भरून धानाचा एक बुंधा ठेवला. जे पान पाण्याले टेकते त्याच्या खालच्या अंगानं ते अंडी घालते. चपटी, फिकी पिवळी, मोहरीहून लहान. चार-पाच दिवसांत अळी. दोऱ्याएवढी, पाण्याच्या रंगाची, पारदर्शक. पानाचं टोक तोडते, अंगाभोवती गुंडाळते, तोंडातल्या धाग्यानं शिवते, अन् पोंगळीत पाणी भरून घेऊन फिरते. पान पुरं झालं की पोंगळी सोडून दुसरी शिवते. पोंगळी पाण्यावर तरंगत एका बुंध्यावरून दुसऱ्यावर जाते, डोंगा जाते तशी. मोठी झाली की बुंध्याले पाण्याच्या जरा वर पोंगळी बांधते अन् आत झोपते. आठ दिवसांनी पाखरू. सारं मिळून महिना, कधी त्याच्याहून कमी.

आता पुस्तकात नाई ते ऐक. मी एक पोंगळी सुईनं फाडली. अळीच्या दोन्ही अंगाले बारीक बारीक केस हायेत, फांद्या फुटल्यासारखे. मी ढिवराघरची पोरगी हाये. साठ वर्षं माशांचे कल्ले पाहले. ते केस नाईत, कल्ले हायेत. ही अळी मासोळीसारखी पाण्यातला श्वास घेते. म्हून पाणी सोडलं की ती गुदमरते. म्हून पोंगळीत पाणी भरून फिरते. औषधाची गरजच काय? पाणी काढून घ्या, संपली.

आता मुख्य गोष्ट, मोठ्या अक्षरात लिहते. तू लिहलंस "मामाशी मी बोलते, बाकीचं मी पाहते." बाकीचं म्हणजे काय? तू त्याले औषध सांगितलंस का? सांगितलं असशील तर आजच्या आज परत घे. अन् त्याले सांग, बांधाचं तोंड फोड, पाणी सोड. एवढ्या दोनच गोष्टी.

दोर ओढाले बुधरीले विचारलं. म्हणते, "मावशी, बोडीत जाळं टाकू देतेस तर दोर ओढतो." मी म्हणलं, "दोरानं तुहेच पाय बांधीन." म्हून ते काम तसंच राह्यलं.

गिरजा

---

गडचिरोली
१७ ऑगस्ट

आजी,

पत्र काल सकाळी मिळालं. दोन्ही पाखरं शाबूत आली.

तुझं खरं आहे. ती सुरळीतली अळी आहे, तुझी पोंगळीतलीच. मी तुझं पांढरं पाखरू कालच कॉलेजमध्ये भिंगाखाली ठेवलं, सरांना दाखवलं. सर म्हणाले, हे कोणी चिकटवलं? मी म्हटलं, माझ्या आजीने. कल्ल्यांचंही त्यांनी खरं म्हणून सांगितलं. पुस्तकातही आहे, पुढच्या पानावर. मी आधीच्या पानावरच थांबले होते.

आज सकाळी मी मामाला फोन केला. त्याला सांगितलं, आजी म्हणते तसंच कर, बांधाचं तोंड फोड, सगळं पाणी सोडून दे, बांधी तीन दिवस कोरडी ठेव. तो म्हणाला, उद्या सकाळी सोडतो. माझं ऐकलं त्याने.

आता तरी आशीर्वाद दे.

दामिनी

---

मोहाटोला
२१ ऑगस्ट

दामिनी,

तुहा कागद काल आला. आशीर्वाद मागू नको. देणारा हात सध्या काठी धरून हाये.

बोडी मेली.

सोमवारी सकाळी तुह्या मामानं बांधाचं तोंड फोडलं. मी काठी घेऊन तोंडापाशी उभी होती, अडकलेल्या पोंगळ्या ढकलाले. पाणी गेलं, पोंगळ्या गेल्या. मले बरं वाटलं. पोट्टीनं एक तरी काम केलं म्हणलं. मंगळवारी, १९ तारखेले, सकाळी बोडीवर गेली तर झिंगे काठावर येऊन पडले होते, लाल झालेले, शिजल्यावाणी. शिंगूर मासे उलटे. त्याच्यामांग मरळीची पिल्लं. तो लाल गोळा आता गोळा नव्हता, बंद्या बोडीभर पसरला होता, पाचोळ्यासारखा. मादी पांढरं पोट वर करून. नर अर्धा जिता होता, काठाच्या चिखलात तोंड आपटून राह्यला होता. त्याले मी दगडानं मारलं. दुसरं काय करू?

अन् मंग गाव आलं. टोपल्या घेऊन! फुकटचा मासा! काठी घेऊन उभी राह्यली मी. म्हणलं, ज्याले आपले लेकरं नकोत त्यानं न्यावा. बुधरीनं दोन शिंगूर ओच्यात घातले, मी तिच्या ओच्यातून ओढून काढले, तिचं लुगडं फाटलं. ती म्हणते, "तुही बोडी, तुहा मासा, आता मेला तरी खाऊ देत नाईस, कशी बाई हायेस!" मी म्हणलं, "मी बाई नाई, मी तुह्या पोरांचं आयुष्य हाये." बारा टोपल्या मासा मी एकटीनं खड्ड्यात पुरला. कुत्र्यानं उकरू नये म्हून वर काटे टाकले.

विष कोणी टाकलं? मी हेमराजले विचारलं. तो खाली पाहून म्हणते, "नथ्थू सकाळी बांधावर दिसला होता." बस. मले तेवढंच पाहिजे होतं. नथ्थूले बोडीचा राग हाये. विष टाकून मासा गोळा करणारे लोक तलावावर हायेत, आपल्याले माहीत हाये. मी त्याच्या दारात गेली. त्याचं जाळं खुंटीवर होतं, मी विळ्यानं कापलं. मधातून. दोन तुकडे. तो तुकडे उचलत होता. म्हणते, "गिरजाबाई, मी नाई केलं." मी म्हणलं, "केलं म्हून कोण सांगते?" अध्यक्ष मनसाराम भाऊनं सोसायटीची सभा लावली, ३१ तारखेले. नथ्थूले वर्षभर तलावात उतरू देणार नाईत. त्याच्या घरी दुसरं काई नाई, तुले माहीत हाये.

हे सारं झाल्यावर काल तुहा कागद आला.

दोनदा वाचला. मी तुले दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, पाणी सोड. ते तू लिहलंस, जोरात लिहलंस. दुसरी, औषध सांगितलंस का? मोठ्या अक्षरात विचारलं होतं. त्याचं उत्तर तुह्या कागदात कुठीच नाई. मांग उलटून पाहलं, तिथीबी नाई.

अन् आज बांधीवर उभी राह्यली तर एकबी बेडूक वरडून राह्यला नाई. बोडीतले नाई म्हणत. बांधीतले.

उद्या पोळा हाये. घरात पुरणाचा वास नाई. हेमराज बैल धुवाच्या नावानं गायब हाये. तू लिही. काय लिहाचं ते तुले समजते.

गिरजा

---

गडचिरोली
२५ ऑगस्ट

आजी,

हे पत्र मी चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिते आहे.

नथ्थूमामाने काही केलं नाही. मी केलं.

तुझं पहिलं पत्र येण्याच्या आधी मामाचा फोन आला होता, फोटोसोबत. मी फोटो पाहिला, दोन मिनिटांत नाव सांगितलं, आणि खोडकिड्यासाठी दाणेदार औषध सांगितलं. ते बांधीत पाणी असताना फेकतात, दाणे पाण्यात विरघळतात. त्याने मासा मरतो हे पिशवीवर छापलेलं असतं. मी ते रोज दुकानात वाचते. मी शेतकऱ्यांना वाचून दाखवते. मामाला नाही दाखवलं. मला वाटलं, मामाला काय सांगायचं.

मग तुझं पत्र आलं. मामाला मी सांगून बसले होते, म्हणून तुला लिहिलं, दोर चालणार नाही. मला आधी म्हणालेलं मागे घ्यायचं नव्हतं. एवढंच कारण होतं, आजी. दुसरं काही नाही.

तुझी पाखरं आली, सरांनी नाव सांगितलं. मी मामाला फोन केला. त्याला एकच गोष्ट विचारायला हवी होती: दाणे टाकले का? मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मामा म्हणाला असता, तूच तर सांगितले होतेस. मला ते ऐकायचं नव्हतं. मी मनात धरलं की टाकले नसतील, कारण आधी एकदा तो म्हणाला होता, पोंभुर्ण्याच्या दुकानात आलं नाही. म्हणून फक्त म्हटलं, पाणी सोड.

तुझं पत्र आल्यावर काल त्याला विचारलं. १६ तारखेला, तू डोळे दाखवायला पोंभुर्ण्याला गेली होतीस त्या दिवशी, त्याने तिन्ही बांध्यांत दाणे टाकले. तुला कळू नये म्हणून रिकामी पिशवी चुलीत जाळली. सतराला माझा फोन गेला. माझा पहिला सल्ला त्याने लपून पाळला आणि दुसरा सगळ्यांसमोर. मी म्हटलं, मामा, पाणी सोडताना सांगायचं ना, दाणे टाकलेत म्हणून. तो म्हणाला, "तू शिकलेली हायेस, तुले माहीत असेल म्हणलं."

नुसते दाणे टाकून पाणी बांधीतच ठेवलं असतं, तर बोडी वाचली असती. नुसतं पाणी सोडलं असतं, तरीही वाचली असती. मी दोन्ही करवलं, आणि मधे एक प्रश्न विचारला नाही.

हे पत्र तू सभेत वाचून दाखव. खाली माझं पूर्ण नाव लिहिते आहे. मी स्वतः यायला हवं होतं, पण ३० आणि १ तारखेला परीक्षा आहे. नाही, हे खोटं आहे. ३१ ला परीक्षा नाही. मला तोंड दाखवायची हिंमत नाही.

दामिनी

---

मोहाटोला
१० सप्टेंबर

दामिनी,

खोटं लिहून त्याच ओळीत खोडलंस, ते मी पाहलं. तेवढं एक बरं केलंस.

कागद सभेत वाचला. मी वाचला. मनसाराम भाऊ म्हणे, "दे गिरजाबाई, मी वाचतो, तुले वेळ लागेल." मी म्हणलं, वेळ लागू दे. अक्षर जोडत जोडत वाचला. "दाणेदार" वाचाले मले लगित वेळ लागला, बंदी सभा वाट पाहत होती. "आधी म्हणालेलं मागे घ्यायचं नव्हतं" त्या ओळीपाशी आली तेव्हा थांबली. कारण ती ओळ तुह्या एकटीची नाई. मीबी नथ्थूच्या दारात गेली होती विळा घेऊन, न पाहता, भिंतीवरच्या पाखरासारखं जे समोर दिसलं त्यालेच धरून. ते मी सभेत बोलली. नंतर बसली.

माफी मागितली नाई. मले ते जमत नाई, तोंडात येतच नाई. नथ्थूच्या घरी गेली, कापलेलं जाळं मागितलं, अन् आठ दिवस झाले शिवून राह्यली. बुधरी म्हणे, "मावशी, फाटलेलं लुगडंबी शिवून दे." मी म्हणलं, "ते तू माह्या बोडीचा मासा चोरताना फाटलं, ते तूच शिव." ती हसली. मी हसली नाई.

हेमराज सभेच्या दिवशी सासुरवाडीले गोंडपिपरीले पळाला होता, तीन दिवसांनी आला. मी त्याले काई बोलली नाई. दोन वेळा कोरडा भात वाढते, वरून काई नाई. पहिल्या दिवशी म्हणे, "माय, कालवण?" मी म्हणलं, "बोडीतून आण." तेव्हापासून मागत नाई. मंग बोडीतलं बंदं पाणी बाहेर काढून चिखल उपसला त्यानं, एकट्यानं, दोन दिवस. मी पाहलं नाई असं दाखवलं. पण अजून कोराच भात.

आता तुह्यासाठी. पहिली गोष्ट. खालच्या तीन बांध्या हिरव्या झाल्या. कालच पाहल्या. शेजारच्या मनसारामच्या बांध्या, जिथी ना दोर ना दाणे, त्याबी हिरव्या झाल्या. अळी खाते, धान पुन्हा फुटते. वीस दिवस धीर धरला असता तर कोणालेच काई करा लागलं नसतं, मलेबी नाई. हे तुह्या वहीत लिही, सरांले दाखव.

दुसरी. दुकानात बसाचं असेल तर बस. पण जो शेतकरी येईल त्याले आधी विचार, पाखरू कुठी पाहलं. भिंतीवर का बांधीत. अन् मंग विचार, पाणी खाली कुठी जाते. हे दोन सवाल विचारल्याशिवाय पिशवीले हात लावलास तर गडचिरोलीले येऊन त्या दुकानासमोर बसीन. बस इथून सकाळी सातले निघते, मले वेळापत्रक माहीत हाये.

तिसरी. पुढच्या वर्षी रोवणा झाला की येजो. मरळीची जोडी कुठून आणाची ते तू अन् तुहा मामा पाहा. नथ्थू म्हणते, वैनगंगेच्या डोहात अजून हायेत. तोच सांगू शकते, त्याले विचारा, तोंड खाली घालून. अन् दोराचं दुसरं टोक तू धरशील. परीक्षा हाये म्हणू नको.

आशीर्वाद अजून देत नाई. राखूनच हाये. कमी झाला नाई, एवढं लक्षात ठेव.

लोणच्याच्या बरणीत मी बुंधा ठेवला होता ते तुले लिहलं होतं. बांधीतल्या साऱ्या अळ्या गेल्या, बोडीतले सारे गेले, पण बरणीतलं पाणी विहिरीचं होतं, तिथी ना दाणे गेले ना दोर. आज सकाळी बरणीच्या काठावर बसलं होतं, ओले पंख वाळवत. पांढरं, दुधावर मिरी उडाल्यासारखं. ज्याले माराले तुम्ही दोघांनी एवढं केलं, ते.

मी त्याले अंगठ्यानं दाबलं. अन् शितानं चिकटवून पाठवून राह्यली. तुह्या वहीत लाव. तुम्ही लोक खाली पाखराचं नाव अन् पकडणाराचं नाव लिहता म्हणे. तिथी तुहं नाव लिहू नको, माहंबी नको. फक्त तारीख लिही. मंगळवार, १९ ऑगस्ट.

गिरजा